मदत हवी आहे: माइंड मॅप तयार आहे, निबंध होत नाहीये. कोणतं ॲप चांगलं? (तातडीचं)

सुरसागरकाठची
नमस्कार. घाईत आहे, सरळ मुद्द्यावर येते. मुलाने निबंधासाठी माइंड मॅप केलाय. चार्टपेपर भरून, रंगीबेरंगी. मधोमध सयाजीराव आणि भोवती फुगे: लक्ष्मी विलास राजवाडा, कला भवन, बँक ऑफ बडोदा, रविवर्मा, आंबेडकरांची शिष्यवृत्ती, सक्तीचं शिक्षण, सेंट्रल लायब्ररी. सगळं आलंय. पण लिहायला बसला की "महाराजा सयाजीराव गायकवाड हे थोर राजे होते" एवढं लिहितो आणि पेन चावत बसतो. मॅपवरून मुद्दे क्रमाने लावून देणारं एखादं ॲप आहे का? फुकट असेल तर उत्तम, मराठी चालायला हवं. रविवारी द्यायचाय, लवकर सांगा प्लीज.

कीबोर्डकाका
फ्रीप्लेन. फुकट आहे, मराठी नीट दिसतं. फुगे त्यात टाका, ओढून वरखाली करा, मग सगळं निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मुद्दे-उपमुद्द्यांची यादी आपोआप पडते. तोच निबंधाचा सांगाडा.

सुरसागरकाठची
काका, मोबाइलवर चालतं का? घरी कॉम्प्युटर नाही.

कीबोर्डकाका
नाही चालत. हे आधी सांगायचं ने!

खडूफळा
ताई, इयत्ता कोणती? निबंध कोणत्या भाषेत? शब्दमर्यादा किती? शाळेचा आहे की स्पर्धेचा?

सुरसागरकाठची
आठवी, इंग्लिश मीडियम, पण निबंध मराठीत. ११ मार्चच्या जयंतीनिमित्त एका मंडळाची स्पर्धा आहे. ६०० शब्द. पण ॲपचा आणि इयत्तेचा काय संबंध?

मकरपुरा_शिफ्ट_बी
ॲप वगैरे सोडा. फिशबोन काढा. आमच्या कारखान्यात काहीही बिघडलं की आधी माशाचा सांगाडा फळ्यावर. इशिकावा नावाच्या जपानी माणसाची पद्धत आहे, जगभर चालते. डोक्याच्या जागी "थोर राजे", काट्यांवर कारणं: शिक्षण, उद्योग, कला, समाजसुधारणा. प्रत्येक काट्याचा एक परिच्छेद. संपलं काम.

सातरंगी
फिशबोन आठवीच्या पोराला? रुक्ष! माइंड मॅपच बरोबर आहे, फक्त तो नियमाने केलेला नसणार. टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरून हे लोकप्रिय केलं, त्यांचे नियम ठरलेले आहेत. एका फांदीवर एकच शब्द. प्रत्येक मुख्य फांदीला वेगळा रंग. फांद्या वळणदार, सरळ नकोत. ताई, फोटो टाका, मी सांगते कुठे अडलंय.

मकरपुरा_शिफ्ट_बी
फांदी वळणदार केली की पहिलं वाक्य सुचतं का?

सातरंगी
तुमच्या माशामुळे सुचतं का? फिशबोन एका परिणामाची अनेक कारणं शोधायला असतो. "थोर राजे" हा परिणाम आहे का हो?

पुरावा_दाखवा
दोघांनाही थंड पाणी. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कार्पिके आणि ब्लंट यांचा प्रयोग छापून आला होता, पर्ड्यू विद्यापीठातला. एका गटाने मजकूर समोर ठेवून कॉन्सेप्ट मॅप, म्हणजे मुद्दे रेषांनी एकमेकांना जोडणाऱ्या आकृत्या, काढले. दुसऱ्या गटाने मजकूर वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर दुसरा गट पुढे. चार्ट गुंडाळून माळ्यावर टाका.

खडूफळा
तो प्रयोग लक्षात राहण्याबद्दल आहे. इथे मुलाला आठवतंय सगळं, मांडता येत नाहीये. दुखणं वेगळं, औषध वेगळं.

पुरावा_दाखवा
मान्य, पण उपाय तरी लागू आहे. चार्ट उलटा ठेवायचा आणि न बघता लिहायचं. जे आठवणार नाही ते निबंधात नकोच.

खडूफळा
आठवीच्या मुलाला राजवाडा आठवेल आणि कायदा विसरेल. म्हणजे निबंधातून नेमका कायदाच गळणार.
ताई, मंडळाने विषय काय दिलाय?

सुरसागरकाठची
सयाजीराव. वर लिहिलंय की.

खडूफळा
तसं नव्हे. पत्रकावर जे छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.

सुरसागरकाठची
थांबा, बघते. "सक्तीच्या शिक्षणाला सयाजीरावांनी ग्रंथालयांची जोड का दिली?"

कीबोर्डकाका
अहो!!

खडूफळा
मग अडणारच होतं. माइंड मॅपमध्ये प्रत्येक फुगा मधल्या नावाशी जोडलेला असतो, फुगे एकमेकांशी नाही. पहिलं वाक्य मधल्या नावावर होतं, दुसरं कशावर लिहायचं हे तो चार्ट सांगूच शकत नाही. ती यादीच आहे, फक्त गोल मांडलेली. सुचेल ते कागदावर ओतायला तो छान, पण तो टप्पा तुमच्याकडे झालाय. आता ॲप बदलून काही होणार नाही.

आकृती कोणती घ्यायची ते प्रश्नातला शब्द ठरवतो. "तुलना करा" असेल तर दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली किंवा दोन रकाने. "कसकसं घडत गेलं" असेल तर काळरेषा. तुमच्याकडे "का" आहे, म्हणून बाण हवेत, आणि बाणांवर शब्द हवेत. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७०च्या दशकात कॉन्सेप्ट मॅपची पद्धत बसवली, तिच्यात रेषेवर जोडशब्द लिहिणं सोडता येत नाही. चौकोन, रेषेवरचे शब्द, पुढचा चौकोन असं सलग वाचलं की पूर्ण वाक्य झालं पाहिजे. होत नसेल तर त्या दोन गोष्टींचा संबंध मुलाला कळलेला नाही, आणि नेमकं तिथेच पेन थांबतं.

हे घ्या, साधारण असं:
१८९३, अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग → *त्याचा अनुभव घेऊन* → १९०६, सगळ्या राज्यात सक्ती → *पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच नसेल तर* → शिकलेलं अक्षर पुसलं जातं → *ते टिकावं म्हणून* → गावोगाव मोफत वाचनालयं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या → *आणि ही घडी बसवायला* → १९१०, अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावणं.

तिरप्या अक्षरातले शब्द बघा. निबंध त्यांच्यातच आहे. "पण", "म्हणून" हे परिच्छेदांचे सांधे. सनावळ्या तर सगळेच लिहितील. या साखळीत महाल कुठे बसतो? बँक कुठे बसते? नाही बसत. ते फुगे पेन्सिलने खोडा. आणि मी दिलेली साखळी मुलाला आयती देऊ नका. चौकोन द्या, बाणांवरचे शब्द त्याला शोधू दे.

निळी_शाई
आंबेडकरांचा फुगा पण खोडायचा? हे चालणार नाही. १९१३ ची कोलंबियाची शिष्यवृत्ती बडोद्याची होती. आज इथे कमाटी बागेत आंबेडकरांच्या संकल्पाची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या शिक्षणकार्यावर लिहायचं आणि हे वगळायचं?

खडूफळा
कार्य मोठंच आहे, प्रश्न वेगळा आहे. ती उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती. इथे प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीबद्दल विचारलंय.

निळी_शाई
मग बाण काढून दाखवते. सक्तीचं शिक्षण → *सर्व जातींच्या मुलांना शाळेपर्यंत आणतं, पण* → पुढे शिकण्याची ऐपत सगळ्यांची नसते → *म्हणून* → शिष्यवृत्त्या. शाळेनंतर शिक्षण तुटू नये हाच धागा आहे, वाचनालयासारखाच. तुमच्याच नियमाने वाक्य होतंय.

खडूफळा
होतंय खरं. मग मुख्य साखळीच्या बाजूला फाटा म्हणून राहू दे, दोन-तीन वाक्यांत. ६०० शब्दांत त्याहून जास्त मावणार नाही.

निळी_शाई
दोन-तीन वाक्यं चालतील. खोडायचं नाही एवढंच म्हणणं होतं.

मकरपुरा_शिफ्ट_बी
आमच्याकडे याला "पाच वेळा का" म्हणतात. ग्रंथालयं का? अक्षर टिकावं म्हणून. ते का पुसलं जातं? तेच हे. मासा मागे घेतो, पण पद्धत कारखान्याचीच.

ह्यूस्टनहून_बडोदेकर
छान धागा. सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशा अजून तशाच आहेत का हो? लहानपणी वरच्या मजल्यावर पाय ठेवायला भीती वाटायची. आणि सेव-उसळ हल्ली कुठली चांगली? डिसेंबरमध्ये येतोय.

कीबोर्डकाका
लायब्ररी मांडवीला जागच्या जागी आहे. सेव-उसळीवर इथे भांडणं होतात, वेगळा धागा काढा.

अक्षरमित्र
मुलाचं हस्ताक्षर कसं आहे? स्पर्धेत पहिली छाप अक्षराचीच पडते. रोज बोरूने एक पान गिरवायला सांगा.

सुरसागरकाठची
निबंध टाइप करून पाठवायचाय.
खडूफळा ताई, चौकोन कापून दिले आणि जमिनीवर मांडायला सांगितलं. सक्ती आणि वाचनालय यांच्यामध्ये तो बराच वेळ अडला. मग म्हणाला, "आई, शाळेत जायला सक्ती करता येते, वाचायला नाही करता येत." हे रेषेवर लिहिलं तर चालेल का? जरा लांब आहे.

खडूफळा
चालेल काय, निबंधाची सुरुवात तिथूनच करायला सांगा. "थोर राजे होते" हे वाक्य काढून टाका.

पुरावा_दाखवा
वाक्य चांगलं आहे, पण सक्ती कशी होती ते त्याला कळलंय का? मूल शाळेत आलं नाही तर पालकांना दंड होता. तो चौकोन घाला, नाहीतर "सक्ती" हा नुसता शब्द राहील.

सुरसागरकाठची
घातला. आता शेवट राहिलाय. बॉर्डन आले, पुढे काय? साखळी तिथेच तुटते.

निळी_शाई
बडोद्याबाहेर काढा. १९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

खडूफळा
चांगला चौकोन आहे. पण बाण बॉर्डनपासून काढू नका, १९०६ च्या कायद्यापासून काढा. ग्रंथालयांशी त्याचा संबंध नाही.

सुरसागरकाठची
म्हणजे परत वर जायचं? चार्टवर जागा उरली नाही.

कीबोर्डकाका
म्हणून म्हणत होतो, फ्रीप्लेन. शेजाऱ्यांकडे कॉम्प्युटर नाही का?