चाळिशी झाली, मॅमोग्राफी करायची का? तीन डॉक्टर तीन मतं

सईची_आई
मी ४२, पुणे. गाठ नाही, दुखत नाही, काहीच त्रास नाही. गायनॅक मॅडम म्हणाल्या चाळिशीनंतर दर वर्षी मॅमोग्राफी (स्तनाच्या कॅन्सरसाठी काढतात तो एक्स-रे) करायचीच, नात्यातले सर्जन काका म्हणतात पन्नाशीपर्यंत काही गरज नाही उगाच डोक्याला ताप, आणि फॅमिली डॉक्टर म्हणतात मी हाताने तपासतो तेवढं पुरे. यातलं खरं कोणाचं धरायचं? लॅबवाल्यांचे पॅकेजचे मेसेज येतायत ते वेगळंच.

मीठभाकर
मी ४४ला केली असंच पॅकेज बघून. रिपोर्टात बायरॅड्स ४ (म्हणजे संशयास्पद) आलं, मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, रिपोर्ट येईपर्यंत मी मनात मुलांची लग्नंसुद्धा लावून मोकळी झाले होते 😅 निघाली साधी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ. करू नको असं नाही म्हणत, पण हे होऊ शकतं एवढं धरून जा.

फिल्मवाचक
रेडिओलॉजीत रेसिडेंट आहे. गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत कारण गाइडलाइनच एक नाहीये. अमेरिकेचं यूएसपीएसटीएफ (कोणती तपासणी कधी करायची ते सांगणारी तज्ज्ञ समिती) २००९ला म्हणालं ५० ते ७४, दोन वर्षांनी एकदा, तेव्हा आमच्या रेडिओलॉजीवाल्यांनी केवढा दंगा केला, आणि २०२४ला त्यांनीच ४०पासून सुरू करा म्हणून सांगितलं, पण दोन वर्षांनीच. अमेरिकन कॅन्सर सोसायटी ४५ म्हणते, अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संघटना ४०पासून दर वर्षी. आकडे सगळ्यांसमोर साधारण तेच असतात हो, पण आम्ही सुटलेली केस बघतो आणि पब्लिक हेल्थवाले उगाच ऑपरेशन झालेली बाई बघतात. २०१२च्या ब्रिटनमधल्या मार्मट समितीचा हिशोब होता की स्क्रीनिंगमुळे (त्रास नसताना केलेल्या तपासणीमुळे) एक मृत्यू टळतो तेव्हा साधारण तीन बायकांना असा कॅन्सर सापडतो जो तपासलं नसतं तर आयुष्यभर कळलाही नसता, आणि त्यांच्यावर उपचार मात्र होतात.
आणि चाळिशीत स्तनातला टिश्यू दाट असतो, फिल्मवर पांढऱ्यात पांढरं शोधायचं, म्हणून सोबत सोनोग्राफी सांगतात, ते पैसे काढायला नाही (नेहमी तरी नाही).

सईची_आई
मग फॅमिली डॉक्टरांचं हाताने तपासणं?

फिल्मवाचक
त्याला हसू नका, त्यावर मोठा अभ्यास आपल्याच मुंबईत झालाय. टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका घेतल्या, निम्म्यांना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ला निकाल छापून आला, पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी, पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. आता तुमचं वय बघा, म्हणजे काकांचा मुद्दा कळेल.

लंडनची_वहिनी
इथे एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) पत्र ५० ते ५३च्या मध्ये कधीतरी येतं, मग तीन वर्षांनी एकदा, ७१ होईपर्यंत. फुकट. माझी अमेरिकेतली जाऊ ऐकून म्हणते तुमचं सरकार कंजूष आहे 😀

उपकेंद्र_डायरी
आपली सरकारी गाइडलाइन पण मी सांगते, कोणी बोललंच नाही. आपल्याकडे ३० ते ६५, पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी, मॅमोग्राफी नाहीच त्यात. मशीन कुठून आणणार प्रत्येक तालुक्यात आणि फिल्म वाचणार कोण? मी एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आहे. आशाताई घरोघर सीबॅक (आजारांचा धोका बघायचा) फॉर्म भरतात, त्यात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का असे प्रश्न असतात, आणि सासू शेजारी बसलेली असली की सगळ्यांचं उत्तर "नाही". तपासायला या म्हटलं तर म्हणतात दुखत नाही हो ताई. अगं न दुखणारी गाठच दाखवायची असते! तुमचं चाळीस का पन्नास चाललंय, आमच्याकडे बाई फुटलेली गाठ घेऊन येते.

मीठभाकर
+१. आणि सईची आई, घरात कोणाला झालाय का?

सईची_आई
मावशीला, ६१व्या वर्षी. आईला, बहिणीला नाही.

फिल्मवाचक
आई-बहीण किंवा कमी वयात झालेलं असतं तर वेगळं बोललो असतो. तुमच्या बाबतीत दोन वर्षांनी एकदा केलीत तरी ठीक, थांबलात तरी वेडेपणा नाही. फक्त मध्ये हाताला गाठ लागली तर "मागच्या वर्षी नॉर्मल होती" म्हणून घरी बसू नका, तेव्हा ते स्क्रीनिंग राहत नाही, लगेच दाखवायचं.

सईची_आई
एकदा करून घेते मग. पॅकेज नको, गायनॅककडूनच चिठ्ठी घेते. खूप दुखतं का?

मीठभाकर
दाबतात चांगलंच, पण काही सेकंद. पाळी झाल्यावरच्या आठवड्यात जा, कमी दुखतं. आणि डिओ, पावडर लावून जाऊ नको, मला परत पुसून यायला पाठवलं होतं.