येशूचं पुनरुत्थान: पुराव्याने कुठवर जाता येतं?

बावखल
यंदा पवित्र शनिवारी रात्री आमच्या वसईतल्या चर्चचे सगळे दिवे मालवले, पास्काची मेणबत्ती पेटली, आणि एकाच्या ज्योतीवरून दुसऱ्याची असं करत अख्खं चर्च उजळलं. घरी परतताना इतिहास शिकणाऱ्या लेकीने विचारलं, "पप्पा, हे घडलं म्हणून तुम्ही मानता, की मानता म्हणून घडलं म्हणता?" माझ्यापाशी श्रद्धेचं उत्तर होतं, तिला पुराव्याचं हवं होतं. गेले तीन आठवडे तेवढंच वाचतोय. मी कॅथलिक आहे, माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा शुभवर्तमानांच्याही, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांच्याही आधीचा आहे, पौलाच्या पत्रातला. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, मग स्वतःच प्रचारक झाला. येशूला क्रुसावर दिलं ते बहुधा इ. स. ३० किंवा ३३ साली. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण ५३ ते ५५ मधलं. त्याच्या १५व्या अध्यायात पौल सांगतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पट्टशिष्य पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि सगळ्यात शेवटी मला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो.

गलतीकरांच्या पत्रात तो म्हणतो की मी यरुशलेमला जाऊन केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. म्हणजे यादीतल्या दोन माणसांना यादी लिहिणारा स्वतः भेटलाय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या किती घटनांबद्दल आपल्या हाती असं काही लागतं?

दुसरा मुद्दा बायकांचा. रिकामी कबर आधी पाहिली ती बायकांनी. चारही शुभवर्तमानांत मरीया मग्दालिया आहे. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. गोष्ट रचायचीच असती तर ती बायकांच्या तोंडी कोण घालेल?

चिकित्सक
पौलाच्या पत्राचं वजन मलाही मान्य आहे. पण त्यातून एवढंच कळतं की पंचवीस वर्षांच्या आत लोक हे मनापासून मानत होते. तुकोबा १६५० साली सदेह वैकुंठाला गेले असं लाखो वारकरी तितक्याच मनापासून मानतात. त्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही ती घडलेली घटना म्हणून धराल का? नसाल धरणार, तर दोन्हीकडे तराजू एकच ठेवा.

आणि पौल काय सांगत नाही तेही बघा. रिकाम्या कबरीचा त्याच्याकडे उल्लेख नाही, बायकांचा नाही. पेत्राला 'दिसला', याकोबाला 'दिसला', मलाही 'दिसला', सगळीकडे क्रियापद तेच. पौलाला काय दिसलं? बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचा: दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश आणि आवाज. मग पेत्राला त्याहून वेगळं काही, हात लावता येईल असं शरीर दिसलं होतं, हे पौलाच्या शब्दांतून कसं काढणार?

बावखल
तराजू एकच, कबूल. म्हणूनच वर्षं मोजतो. महिपतींच्या ज्या भक्तविजयातून तुकोबांचं चरित्र घरोघरी पोचलं, तो १७६२चा, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. पौल प्रत्यक्ष त्या माणसांच्या घरी जाऊन आलेला आहे. प्रकाशाचा मुद्दा मात्र टोचला. त्यावर माझ्यापाशी चटकन उत्तर नाही.

चिकित्सक
वर्षांचाच हिशेब असेल तर सब्बताई झेवीचं उदाहरण घ्या. सतराव्या शतकात हजारो यहुदी त्याला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार मानत होते. १६६६ साली सुलतानापुढे उभं केल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला. यापेक्षा मोठा अपेक्षाभंग कोणता? तरीही अनुयायांतल्या अनेकांनी श्रद्धा सोडली नाही. हा अपमान मसीहाच्या कामाचाच भाग आहे, असा अर्थ त्यांनी लावला, तोही त्याच्या हयातीत. आशा मोडल्यावर माणसं नवा अर्थ शोधतात, आणि तो खोटेपणाने नव्हे, दुःखातून शोधतात.

खापरतुकडा
येशूला पुरलं तरी होतं का, यावरही शंका घेतली जाते, कारण रोमन लोक क्रुसावरची प्रेतं बहुधा तशीच सडू देत. पण १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला गिवत हामिवतार इथे पहिल्या शतकातल्या कबरींत एक दगडी अस्थिपेटी सापडली, वर येहोहानान हे नाव. आत टाचेचं हाड, आणि त्यातून आरपार गेलेला साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. त्याची प्रतिकृती मी तिथल्या संग्रहालयात पाहिलीय. खिळ्याचं टोक गळासारखं वळलंय, बहुधा लाकडातल्या गाठीवर बसल्यामुळे. तो निघेना, म्हणून घरच्यांनी हाड खिळ्यासकट ठेवलं. काचेपुढून मला लवकर हलवेना. कुणाच्या तरी मुलाचा तो पाय होता.

म्हणजे क्रुसावर मेलेल्याचं प्रेत घरच्यांना मिळू शकत होतं. क्रुसावरच्यांनाही यहुदी सूर्यास्ताआधी पुरतात, हे जोसेफसही सांगतो. तेव्हा अरिमथाईकर योसेफ नावाच्या माणसाने येशूचं प्रेत मागून नेऊन पुरलं ही शुभवर्तमानांतली गोष्ट न पटण्यासारखी नाही.

पण मोबाइलवर फिरणारे दोन 'पुरावे' बाजूला काढा. कबरी फोडणाऱ्याला मृत्युदंड सांगणारा 'नासरेथचा शिलालेख' (नासरेथ हे येशूचं गाव) रिकाम्या कबरीशी जोडला जातो. २०२०च्या तपासणीत त्याचा संगमरवर ग्रीसच्या कोस बेटावरचा निघाला. तो नासरेथचा होता हाच आधार डळमळला. दुसरं, येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवरच्या, यरुशलेममधल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये २०१६ साली कबरीवरची फरशी उचलली तेव्हा खालच्या चुन्याचा काळ साधारण इ. स. ३४५ निघाला. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून लोक हीच जागा मानत आले, एवढं त्यातून सिद्ध होतं. त्या कबरीत कोण होतं, ते चुना सांगत नाही.

आडवाट
बायकांच्या साक्षीबद्दल मला बाई म्हणून बोलायचंय. मयताला सुगंधी द्रव्यं लावायला त्या कबरीवर गेल्या होत्या. ते काम बहुधा बायका करत, मग कथेत तिथे बायका असणार यात नवल ते काय? जोसेफसचा नियम न्यायालयातल्या साक्षीचा आहे, गावात कोण कुणाला काय सांगतं त्याचा नाही.

मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक सगळ्यात जुनं मानतात, साधारण ७० सालचं. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत ते १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीशी थांबतं: बायका पळाल्या, आणि भीतीपोटी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या ओव्या नंतरच्या. म्हणजे सगळ्यात जुन्या कथेत उठलेला येशू कुणालाच दिसत नाही. मग कथा वाढत जाते. मार्ककडे कबरीत एक तरुण, मत्तयाकडे भूकंप आणि देवदूत, लूककडे दोन पुरुष, योहानाकडे दोन देवदूत. मत्तय तर आणखी कितीतरी पवित्र लोक कबरींतून उठून शहरात गेले असं लिहितो, आणि त्याची दखल दुसरं कुणी घेत नाही. पेत्राच्या नावावरच्या एका शुभवर्तमानात क्रूसच कबरीतून बाहेर येऊन बोलतो. ते चर्चने स्वीकारलं नाही, पण ओघ कुठल्या दिशेने होता ते दिसतं.

नगरकर
आमच्या घरात चार पिढ्या बायबल वाचलं जातंय. मला एवढंच विचारायचंय, शिष्य यासाठी मेले ना? खोट्यासाठी माणूस जीव देतो का?

चिकित्सक
नगरकर, ते खोटं बोलत होते असं मी म्हणतच नाही. आणि बाहेरच्या लेखकाने नोंदवलेला पक्का मृत्यू एकाचाच आहे: येशूचा भाऊ याकोब. ६२ साली महायाजक अनानसने त्याला दगडमार करवली, असं जोसेफस लिहितो. बाकीच्या बहुतेक प्रेषितांच्या हौतात्म्यकथा फार नंतरच्या.

खापरतुकडा
पुरावा कुणाला कुठे नेईल हे त्याच्या धर्मावरून ठरत नाही. पिंखास लापिदे हे सनातनी यहुदी अभ्यासक. पुनरुत्थान ही खरी घटना, असं त्यांनी मांडलं, तरी येशूला इस्रायलचा मसीहा मानलं नाही. गेर्ड ल्युडेमान जर्मनीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. पेत्राला आणि पौलाला मनातून दर्शनं झाली एवढंच त्यांनी मान्य केलं, आणि ख्रिस्ती श्रद्धा सोडली.

बावखल
सगळ्यांचे आभार, लेकीलाही हे वाचायला दिलं. हौतात्म्याचा मुद्दा मी सोडतो. पाचशेंचाही सोडतो, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्यापाशी नाही. कबरीबद्दल 'असू शकेल' एवढंच म्हणेन. याकोबापाशी मात्र मी अडून बसलोय. भाऊ जिवंत असताना घरच्यांना तो वेडा झालाय असं वाटत होतं, हे मार्क लिहितो. भावांचा विश्वास नव्हता, हे योहान लिहितो. आणि पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि दगडमारात मरतो. दुःखातून झालेलं दर्शन पेत्राला लागू पडेल, त्याने तर अटकेच्या रात्री येशूला ओळखतच नाही म्हटल्याचं ओझं वाहिलं होतं. ज्याने कधी मानलंच नाही, त्याचं काय? पौल तर शत्रूच होता.

लेक म्हणाली, "पण याकोबाला काय दिसलं ते याकोबाने कुठे लिहिलंय, पप्पा?"

खापरतुकडा
तिचा प्रश्न बरोबर आहे. नव्या करारात याकोबाच्या नावाचं पाच अध्यायांचं पत्र आहे. ते त्याचंच का यावर वाद आहे, पण त्यात पुनरुत्थान घडल्याचं कुठेही सांगितलेलं नाही. गरिबांची मजुरी अडवू नका, जिभेला आवर घाला, असा उपदेश आहे. येशूने याकोबाला भाकर मोडून दिली, असा प्रसंग इब्री लोकांच्या शुभवर्तमानात होता म्हणतात. ते पुस्तक हरवलंय. या प्रसंगापुरता, चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने दिलेला उतारा तेवढा उरलाय.

बावखल
भाकरीचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. याकोबाचं पत्र काढलंय, आज रात्री आम्ही दोघं पहिल्या अध्यायापासून वाचणार आहोत.