शांतिसेनेचे पैसे नेमके अडतात कुठे?

मृण्मयी_वाई:
माझे मामा सध्या दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये बातमी आली की पैशांअभावी नऊ मोहिमांमधले साधारण पाव सैनिक-पोलीस परत पाठवणार. तेव्हापासून आजीचा एकच घोषा, "त्याचा पगार थांबणार का?" आणि माझा प्रश्न असा की एवढ्या मोठ्या संस्थेकडे पैसे नाहीत, म्हणजे ते खाल्ले कुणी? हिशेब कोण बघतं?

जुना_वर्कशॉपवाला:
आजींना आधी सांग, पगार थांबत नाही. जवानाला पगार आपलं सरकार देतं. संयुक्त राष्ट्रं थेट हातात देतात ते दिवसाला 1 डॉलर 28 सेंट, आणि थोडा रजेचा भत्ता. बाकी माणशी दरमहा ठरलेली रक्कम (2022 ला ती 1,448 डॉलर झाली) सरकारला मिळते. उशीर होतो तो तिथे.

मी 2014-15 ला काँगोत होतो, गोमाजवळ. ईएमईचा, म्हणजे लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा माणूस, त्यामुळे माझं जग म्हणजे वर्कशॉप. गाड्या, जनरेटर, आरओ प्लान्ट सगळं आपण घेऊन जायचं, चालू ठेवायचं आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याचं भाडं द्यायचं. याला वेट लीज म्हणतात. दर तिमाहीला मिशनची इन्स्पेक्शन टीम यायची. एका प्रकारातल्या 90 टक्के गाड्या चालू हव्यात, नाहीतर भाडं कापलं. आता तिथली जमीन म्हणजे न्यिरागोंगो ज्वालामुखीची काळी खडी. टायर असे फाटायचे की बघवत नव्हतं. एका तिमाहीला 18 पैकी 2 ट्रक फ्युएल पंपासाठी उभे होते. करा गणित, जेमतेम 89 टक्के. पंप भारतातून निघाला होता, कागद दाखवला. निरीक्षक भला माणूस, पण म्हणाला, कागद स्टार्ट होत नाही.

आमचा एक हवालदार मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाला, "सर, वर्गणी न भरणाऱ्या देशांचं इन्स्पेक्शन कोण करतं?" तो हसला आणि पुढच्या जनरेटरचं मीटर लिहायला लागला.

खाल्ले कुणी याचं माझं उत्तर हेच. सदस्य देशांच्या वर्गणीचे पैसे मुळात आलेच नाहीत. अमेरिकेचा वाटा 26 टक्क्यांच्या आसपास ठरतो, पण त्यांच्याच 1994 च्या कायद्यात 25 टक्क्यांची मर्यादा आहे. मधली तफावत साचत जाते. चीन दोन नंबरला, त्यांचे पैसेही बरेचदा वर्ष सरताना येतात. शिक्षा काय, तर थकबाकी दोन वर्षांच्या वर्गणीइतकी झाली की आमसभेतलं मत जातं. थोडं थोडं भरत राहायचं, मत शाबूत. सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराला तर हातच लागत नाही. आमच्या ट्रकला मात्र 90 म्हणजे 90.

हिशेबनीस:
काकांनी मोहिमेवरून सांगितलं, मी कागदाच्या बाजूने सांगतो. मी आयुष्यभर लेखापरीक्षणच केलं. संयुक्त राष्ट्रांचं लेखापरीक्षक मंडळ आहे, आपले कॅगच त्यावर 1993 ते 1999 आणि पुन्हा 2014 ते 2020 होते. 1994 पासून अंतर्गत देखरेख कार्यालय आहे. अर्थसंकल्पाची चिरफाड करायला आमसभेची पाचवी समिती आहे. तपासणारे कमी नाहीत. पण ऑडिटर खर्च तपासतो, न आलेल्या वर्गणीवर फक्त शेरा मारतो. शेऱ्याला कोण घाबरतं ते आम्हाला विचारा.

आणखी एक मेख आहे. प्रत्येक मोहिमेचं खातं वेगळं, म्हणजे एकाच घरात वेगळ्या चुली. एकीकडे पैसे पडून आणि शेजारी ठणठणाट. चालू मोहिमांची रोकड एकत्र वापरायची परवानगी आमसभेने 2019 ला दिली, तीही प्रयोग म्हणून. बंद झालेल्या मोहिमांच्या खात्यात पैसे नसतील तर सैन्य पाठवणाऱ्या देशांचं जुनं देणं तसंच लोंबकळतं.

तिरकस_तात्या:
म्हणजे चोऱ्या झाल्याच नाहीत? काहीही!

हिशेबनीस:
तात्या, झाल्या की. खरेदी विभागातल्या एका रशियन अधिकाऱ्याने 2005 ला गुन्हा कबूल केला, 2007 ला आपल्याच देशाचा एक अधिकारी न्यू यॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला. शांतिसेनेची कंत्राटं मर्जीतल्या कंपनीला दिली होती. 2006 ला त्यासाठी खास तपास पथक नेमलं, ते जोरात चाललं आणि 2008 संपताना गुंडाळलं. त्यावर बोलायचं तर वेगळा धागा काढा. पण आत्ताची कपात त्या चोरीमुळे नाही.

मृण्मयी_वाई:
आजीला सगळं वाचून दाखवलं. पगाराचं ऐकून चेहरा खुलला. वर्गणीचं ऐकून म्हणाली, गणपती मंडळात पण मोठ्या बंगल्यांचेच पैसे शेवटी येतात. आता तिचा नवीन प्रश्न: तिथे त्याचं धुणं कोण धुतं?

जुना_वर्कशॉपवाला:
यंत्रं असतात, आजी. आणि धुण्याचाही माणशी दर करारात लिहिलेला असतो. आमचं एक यंत्र इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री बसलं होतं. पहाटे चारपर्यंत उघडून बसलो. बेल्ट तुटला होता.