पुराच्या टेबलटॉपसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून करायच्या सरावासाठी, मदत हवी आहे (नॅशनल गार्डच्या भागीदारीच्या धर्तीवर)

अमेरिकेच्या नॅशनल गार्डचा (राज्याराज्यांतलं अर्धवेळ सैन्य) स्टेट पार्टनरशिप प्रोग्राम, म्हणजे एका राज्याच्या गार्डची एका परदेशाशी जोडी, १९९३ मध्ये बाल्टिक देशांपासून सुरू झाला. ओरेगॉन राज्य २००८ पासून बांगलादेशाबरोबर आहे, आणि तिथला आपत्ती-सराव आपल्याला जवळचा, कारण तो देशही पुराचाच. आपल्या टीए (टेरिटोरियल आर्मी, अर्धवेळ सैनिकांची प्रादेशिक सेना) बटालियनशी तुलना मात्र जपून करा: गार्ड एरवी गव्हर्नरच्या हुकमात, टीए केंद्राच्या. (गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत, अधिकारानं मुख्यमंत्र्यांच्या जवळचे.)

कोल्हापुरातल्या स्वयंसेवकांसाठी अर्ध्या दिवसाचा टेबलटॉप करायचाय. सुरुवात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी, म्हणजे इशारा पातळी. ४३ ला धोका पातळी, मग शिरोलीजवळ महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडीत लोक माडीवर. इथे पाहुणं पथक, म्हणजे बाहेरून मदतीला आलेलं, बोटी घेऊन येतं.

अडतं ते इथेच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. मग पाहुण्यांना काम कोण देणार? त्यांचे वायरलेस आपल्या फ्रिक्वेन्सीवर लागत नाहीत, तेव्हा प्रत्येक बोटीत वॉकी-टॉकीसह स्थानिक माणूस लागतो. तोच वाट दाखवतो, नाहीतर बुडालेल्या उसात आणि कुंपणाच्या तारांत पंखा अडकून इंजिन बंद पडतं.

कुणाकडे अशा सरावाचे प्रसंग-पत्रक, म्हणजे कोणत्या मिनिटाला कोणती बातमी द्यायची त्याचा तक्ता, आहे का? दोन प्रसंगांत २० मिनिटं पुरतात का? आणि पथक परतताना रुग्णांचे कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवायचा नमुना असेल तर तोही टाका.