१५ इंची दोन सबवूफर सोलापूरहून नागपूरला पाठवायचेत, पॅकिंग कसं करू?

जुळेसोलापूर_बास
नमस्कार मंडळी. घरी बाळ आलंय, त्यामुळे गाडीची डिकी रिकामी करावी लागतेय. चार वर्षं जपलेले दोन १५ इंची सब, म्हणजे गाडीतले बासचे जड स्पीकर, विकले, जोडी ३२,००० ला. घेणारा नागपूरचा आहे आणि अर्धे पैसे आलेत. लाकडी पेटी इथल्याच मित्राला दिली, म्हणजे सब सुटे जाणार. एकेक २२ किलोचा आहे. मूळ खोकी गच्चीवरच्या खोलीत पावसाने भिजून गेली.
विचारायचं एवढंच: मॅग्नेट वर ठेवू की खाली? थर्माकोल पुरेल का? कुरिअर बरं की ट्रान्सपोर्ट? दोन्हीचा मिळून पॅकिंगसकट खर्च १,८०० च्या आत बसवायचा आहे.

होटगीरोडचा_मालक
सुताराकडून लाकडी क्रेट करून घ्या, दुसरा विचार करू नका. मी १८ इंची बेंगळुरूला पाठवला तेव्हा एका क्रेटचे २,८०० दिले होते. चारी बाजूंनी पाइनच्या पट्ट्या, आत फोम, वर स्क्रू. हमालाने उभा टाकला, आडवा टाकला, काही झालं नाही. तो सब ३० किलोचा होता, तुमचा त्यापुढे हलका आहे. ३२,००० च्या मालाला पाच हजार गेले तरी जाऊ द्या.

जुळेसोलापूर_बास
मालक, बजेट १,८०० आहे. दोन्हीचं.

विजापूररोड_ऑडिओ
मी घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण मार मी खाल्लाय. मागच्या वर्षी मी एक जुना १२ इंची मागवला होता. खोका बाहेरून कोरा, कोन (पुढचा हलणारा पडदा) कोरा, सराउंडला (कोनभोवतीच्या लवचिक कडेला) ओरखडा नाही. हाताने कोन दाबला तर खर्र आवाज. मॅग्नेट सरकला होता.
ते का होतं ते समजून घ्या, म्हणजे पॅकिंग आपोआप कळेल. सबचं बहुतेक वजन मागच्या मॅग्नेटमध्ये असतं. तो लोखंडी प्लेटांना डिंकाने चिकटवलेला असतो. कॉइल, म्हणजे कोनला जोडलेली तारेची गुंडाळी, ज्या फटीत वरखाली होते ती मिलिमीटरच्या आतबाहेरची. खोका कमरेइतक्या उंचीवरून पडला की कोनला काही होत नाही, पण मॅग्नेटचा डिंक सुटतो आणि तो केसभर बाजूला जातो. तेवढ्यात कॉइल घासायला लागते आणि सब मेला. परत केंद्रात आणून चिकटवणारा कारागीर मला सोलापुरात मिळाला नाही.
म्हणून कोनवर बबल रॅपचे दहा वेढे देण्याआधी मॅग्नेटखाली काय आहे ते बघा.

चादरवाला
आमचा टॉवेल-चादरीचा माल रोज बाहेरगावी जातो, पॅकिंग आम्हाला शिकवायला नको. चिंधी भरायची, वरून बारदान, त्यावर प्लास्टिक पट्टी ओढून गाठ करायची. चिंधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात किलोवर मिळते, स्वस्तात काम होतं. आमची गाठ ट्रकमधून खाली फेकतात, तरी आतल्या चादरीची घडी मोडत नाही.

शेळगीकर
दादा, चादर फेकली तर चादरच राहते. सबचं तसं नाही. २२ किलोचा गोळा चिंधीत ठेवला की गाडीच्या हादऱ्यांनी तो हळूहळू खाली बसतो, चिंधी बाजूला सरकते आणि नागपूरला पोचेस्तोवर मॅग्नेट थेट पुठ्ठ्यावर टेकलेला असतो. थर्माकोलच्या दाण्यांचंही हेच होतं. थर्माकोलची शीट एकदा दबली की परत फुगत नाही, पहिला धक्का झेलते आणि दुसऱ्याला उपयोगाची राहत नाही. पांढरा ईपीई फोम घ्या, तो मऊ आणि लवचिक असतो. तो दबून परत वर येतो.

चादरवाला
मी चिंधी दाबून भरायला सांगितलं होतं, सैल नाही. दाबून भरलेली चिंधी बसत नाही. ३० वर्षांचा धंदा आहे आमचा.

पार्कचौक
एवढा विचार कशाला? रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका. मी पुण्याला अँप (अँप्लिफायर) पाठवला, रात्री दहाला दिला, सकाळी सहाला मित्राच्या हातात. ३०० रुपये. अख्खा, गरम गरम पोचला.

शेळगीकर
अँप चार किलोचा असेल. आणि पुणे २५० किलोमीटर, एका रात्रीचं काम. नागपूरची गाडी तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत जाते. वाटेत डिकी किती वेळा उघडते आणि तुमच्या खोक्यावर काय येऊन पडतं, कुणाला माहीत? पावती तरी मिळाली होती का?

पार्कचौक
पावती नाही, ड्रायव्हरचा नंबर होता. मला त्रास झाला नाही, म्हणून सांगितलं.

मोहोळकर_८८
वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. मॅग्नेट पडला की त्यातली चुंबकशक्ती कमी होते, बास ढिला येतो. माझ्या मावसभावाच्या सबचं असंच झालं. लाकडी क्रेटच करा.

विजापूररोड_ऑडिओ
काळा फेराइट मॅग्नेट एकदा पडल्याने अशी शक्ती गमावत नाही. तो तडकतो किंवा सरकतो. मावसभावाच्या सबचाही मॅग्नेट सरकलाच असणार. कॉइल घासायला लागली की आवाज बिघडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बास कमी झाला.

मोहोळकर_८८
आम्ही दुसरा सब शेजारी लावून ऐकला होता. फरक होता.

सर्फेस_पार्सल
मी पार्सलच्या कामात आहे, पैशांचं सांगतो. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागतात. ५० बाय ५० बाय ४० चा खोका झाला २० किलो, तुमचं खरं वजन त्याहून जास्त, म्हणजे तोटा नाही. पण ५५ बाय ५५ बाय ४५ चा क्रेट केला की तोच आकडा २७ किलोच्या वर जातो, शिवाय लाकडाचं वजन. क्रेट मजबूत असतो हे खरं, पण त्याचे पैसे दोनदा लागतात, सुताराकडे आणि काउंटरवर.
दुसरं, बुकिंग करताना रस्त्याने जाणारं पार्सल, म्हणजे सर्फेस, असं स्पष्ट म्हणा. मोठे मॅग्नेट विमानाच्या मालात तपासतात, चुंबकक्षेत्र ठरलेल्या मर्यादेबाहेर असलं तर घेत नाहीत. खोका विमानतळावरून परत आला तर त्याला दुप्पट हाताळणी लागते.
तिसरं, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ओनर्स रिस्क (नुकसानीची जबाबदारी मालकाची) छापलेलं असतं ते वाचा. जुन्या मालाचा विमा पाहिजे असेल तर सही करण्याआधी विचारा. किंमत खरी लिहा, तुमचा माल ५०,००० च्या आत आहे म्हणजे ई-वे बिलाची भानगड नाही.

होटगीरोडचा_मालक
पैसे दोनदा गेले तरी चालतील, सब एकदाच घेतो माणूस.

बाळे_सुतार
मी सुतार आहे, तरी सांगतो, क्रेट नको. बारा एमएमच्या प्लायचा चौकोन घ्या, सबच्या फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. सबला जी स्क्रूची भोकं असतात तीच प्लायवर उतरवा आणि सब आठही बोल्टनी वॉशर लावून आवळा, कोन प्लायकडे. सराउंड फ्रेमच्या वर उचललेला असतो, तो प्लायला टेकू नये म्हणून मध्ये गोल कापून घ्या किंवा फ्रेमखाली पट्टी द्या. मग प्लाय खोक्यात घट्ट बसला की सब आत फिरत नाही. दुकानातले उरलेले तुकडे घेतले तर दोन्हीचा प्लाय ३०० मध्ये होतो.

विजापूररोड_ऑडिओ
ह्याला माझं पूर्ण अनुमोदन, फक्त मॅग्नेट अधांतरी सोडू नका. फ्रेम आवळलेली आणि मॅग्नेट हवेत लोंबतोय असा खोका पडला तर सगळा झटका डिंकावरच येतो. मॅग्नेटखाली जाड फोम असा ठेवा की खोका बंद करताना तो जरा दाबला जाईल. म्हणजे वजन फ्रेमवर पण आणि फोमवर पण. मॅग्नेट खाली, प्लाय वर, आणि बाण काढून 'ही बाजू वर' असं मोठ्या अक्षरात चारी बाजूंना.

कुंभारवेस_तांत्रिक
दोन बारीक गोष्टी. मॅग्नेटच्या मागे मधोमध हवेचं भोक असतं, त्यावर टेप मारा. प्लायला भोकं पाडताना भुसा किंवा तिथे पडलेला लोखंडी कीस उडाला आणि त्या भोकातून फटीत गेला तर तो परत निघत नाही, आयुष्यभर खरखर. आधी प्लाय तयार करा, सब दुसऱ्या खोलीतून आणा.
आणि कॉइलच्या प्लस-मायनसला तांब्याच्या वायरचा तुकडा जोडा. ड्युअल कॉइल असेल तर दोन्हीला वेगवेगळा. टोकं जोडलेली असली की कोन हलताना तयार होणारी वीज त्यालाच अडवते, कोन प्रवासात फडफडत नाही. हाताने दाबून बघा, जोडल्यावर कोन जड लागेल. घेणाऱ्याला मात्र ठळक लिहून कळवा, वायर न काढता अँप लावला तर अँप जाईल.

पार्कचौक
वायर जोडून कोन जड होतो हे खरंच बघितलं आत्ता. माझ्या १० इंचीला लावून. होतो.

शेळगीकर
पाठवण्याआधी मल्टीमीटरने कॉइल मोजून व्हिडिओ करा. ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते, घाबरू नका. मागचा सिरीयल नंबर, कोन दाबल्यावर आवाज नाही हे, आणि खोका बंद करताना, सगळं एका सलग व्हिडिओत. उद्या भांडण झालं तर तेच कामाला येतं.

मोहोळकर_८८
दोन्ही एकाच मोठ्या क्रेटमध्ये पाठवा. ट्रान्सपोर्टवाले किमान वजनाचे पैसे घेतातच, एका बिल्टीत दोन्ही जातील. बाजारात असंच करतात.

सर्फेस_पार्सल
पैशांच्या हिशोबाने मोहोळकर बरोबर आहेत. एकच बिल्टी स्वस्त पडेल.

होटगीरोडचा_मालक
मी पण हेच सांगूलालो, क्रेट. दोन्ही एकात.

विजापूररोड_ऑडिओ
एकात घालायचेच असतील तर मध्ये चांगलं अंतर ठेवा, दोन मॅग्नेट जवळ आले की एकमेकांना जोरात ओढतात किंवा ढकलतात. आणि ४४ किलोचा खोका एकटा हमाल उचलत नाही, सरळ लोटतो.

जुळेसोलापूर_बास
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रात्री बाळ झोपल्यावर हाच धागा वाचत होतो.
ठरवलं ते असं. दोन्ही एकत्र पाठवत नाहीये. एकेक वेगळा, तोही एक पोचल्यावर दुसरा. महाग पडेल हे कळतंय. पण ४४ किलोचा खोका लोटला जाणार हे वाचल्यापासून डोळ्यासमोर तेच येतं. एक गेला तर निदान एक राहील, आणि घेणाऱ्यालाही पहिला वाजवून बघता येईल. त्याला फोन केला, तो लगेच हो म्हणाला.
ट्रान्सपोर्ट नको, सर्फेस कुरिअर. प्लाय सुतारदादांनी सांगितला तसा, सात पदरी खोका, मॅग्नेटखाली चार इंच फोम, भोकावर टेप, कॉइलला वायर. घेणाऱ्याच्या आईने सोलापुरी चादर मागवली होती, ती प्लायच्या वर घडी घालून ठेवली. चादरवाले दादा, ती धक्का झेलायला ठेवलेली नाही, तिथे जागा होती म्हणून ठेवली.
पहिल्याचा पॅकिंगसकट खर्च १,२६० आला. म्हणजे दोन्हीचं मिळून बजेट मोडलं.

चादरवाला
चादर कुठून घेतली ते लिहा.

जुळेसोलापूर_बास
सहा दिवसांनी लिहितोय. पहिला पोचला. खोक्याचा एक कोपरा दबलाय, आतला फोम तसाच आहे. कॉइल इथे ३.६ दाखवत होती, तिथेही ३.६. कोन दाबल्यावर आवाज नाही. त्याने रात्रीच गाडीत लावून व्हिडिओ पाठवला, वायर आधी काढली का हे मी दोनदा विचारलं.
दुसऱ्याचा प्लाय कापून तयार आहे. उद्या सकाळी टाकतो.