मदत हवी आहे: चाळिशीच्या आसपास बॉक्सिंगच्या रिंगमध्ये परतलेल्या चॅम्पियनला जोखायचं कसं?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमच्या तालमीत येत्या रविवारी या विषयावर मला बोलायचंय. ऐकणारे कुस्तीतले जाणकार आहेत, बॉक्सिंग मात्र टीव्हीपुरतं.

तीन लढती पूर्ण पाहिल्या. १९८० ची मुहम्मद अली-लॅरी होम्स: ३८ वर्षांचा अली वजन उतरवून तरणाबांड दिसत होता, पण हात सुटतच नव्हते, दहाव्या फेरीनंतर त्याच्याच कोपऱ्याने (म्हणजे रिंगबाहेरच्या त्याच्या प्रशिक्षकांनी) लढत थांबवली. १९९४ ची जॉर्ज फोरमन-मायकेल मूरर: ४५ वर्षांचा जाडजूड फोरमन तिन्ही पंचांच्या गुणांत मागे, आणि दहाव्या फेरीत उजव्या ठोशावर मूरर आडवा. २०२४ ची माइक टायसन-जेक पॉल: टायसन ५८ चा, फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या, तरी सुरुवातीनंतर दम संपला. (ती लढत की तमाशा, यावर नंतर भांडू.)

म्हणजे शरीरयष्टी बघून काही कळत नाही. ताकद टिकते, पाय आणि नजर आधी जातात, एवढं माहीत आहे. पैसा-प्रसिद्धीचा भाग नको.

अडतंय ते इथे. फोरमन जिंकला म्हणून त्याला शाबासकी. नववी फेरी संपल्यावर आपण काय म्हणालो असतो? निकाल झाकला तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नेमकं कुठे बघायचं: जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून हात परत येण्याचा वेग, की ठोसा चुकल्यावरचा तोल? दोरीला टेकणं ही थकल्याची खूण धरावी, तर १९७४ मध्ये अलीने तसंच टेकून फोरमनला हरवलं होतं. आणि उतारवय कुठलं, नुसता सुटलेला सराव कुठला, हे कशावरून ओळखायचं?