ट्रिपल डब्ल्यू काढायचंय, पण साइट गोल-गोल फिरायलीय

गंजगोलाई, लातूर
आडत दुकानाची साइट आहे. वर्डप्रेस, शेअर्ड होस्टिंग, अपाचे सर्व्हर, पुढं क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हरच्या मधली सेवा). सोयाबीन-तुरीच्या भावाचं पान चार पत्त्यांवर उघडतंय: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही ट्रिपल डब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. मला एचटीटीपीएसचा, ट्रिपल डब्ल्यू नसलेला एकच ठेवायचाय. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचेच्या नियमांची फाइल) ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, टाकलं की ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ यायलंय. स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) मराठीत आहेत, त्यांचं काही वेगळं करावं लागतं का?

गोदाकाठ, नांदेड
क्लाउडफ्लेअरचा एसएसएल मोड (जोडणी कुठपर्यंत एन्क्रिप्ट करायची ते) बघा, ‘फ्लेक्झिबल’ असणार. त्यात वाचक एचटीटीपीएसनं आला तरी तुमच्या सर्व्हरकडं विनंती साध्या एचटीटीपीनं, पोर्ट ८० वर जाते. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या. पुन्हा आलं तरी त्याला एचटीटीपीच दिसतं. सर्व्हरवर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बसवा (लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं) आणि मोड ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. प्रमाणपत्रात दोन्ही नावं (ट्रिपल डब्ल्यूसकट आणि त्याशिवाय) पाहिजेत. टीएलएसची (एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनची) जुळणी आधी होते, रीडायरेक्ट नंतर. ट्रिपल डब्ल्यूचं नाव राहिलं तर त्या लिंकवर ५२६ (प्रमाणपत्र अवैध) एरर येईल.

तरीही फिरत असेल तर वर्डप्रेसच्या सेटिंग्ज, जनरलमध्ये जा. तिथले दोन्ही पत्ते ट्रिपल डब्ल्यूचे राहिले असतील तर तुमचा नियम इकडं ढकलतो आणि वर्डप्रेस तिकडं.

बालाघाट, बीड
भाऊ, दोन वेगळे नियम लिहू नका, दोन उड्या पडतात. एकाच नियमाला दोन अटी, मध्ये ‘ऑर’: एचटीटीपीएस बंद आहे, किंवा होस्टची सुरुवात ट्रिपल डब्ल्यूनं आहे. मग थेट पूर्ण पत्ता, मागं डॉलर-१, म्हणजे मूळ पानाचा मार्ग टिकतो. सगळं होमपेजवर ढकललं तर गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’ (पान सापडलं नाही असं) धरतं.

नियम ‘बिगिन वर्डप्रेस’च्या ओळीच्या वर टाका. खाली टाकला तर आतल्या पानांना लागत नाही. ‘बिगिन’ आणि ‘एंड’च्या खुणांमध्ये टाकला तर पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) सेव्ह करताना पुसला जातो. नियमाच्या शेवटी कंसात येणाऱ्या फ्लॅगमध्ये नुसतं ‘आर’ लिहिलं की ३०२, म्हणजे तात्पुरतं रीडायरेक्ट, जातं. चाचणीपुरतं ते बरंच, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा नियम सुधारला तरी जुन्याच जागी नेतो. कर्लला (कमांडनं पत्ता तपासायचं साधन) हायफन-मोठा आय देऊन चारही पत्ते तपासा, मगच ३०१ करा.

मराठी स्लग असेच चालतात. पत्त्यात टक्क्याच्या खुणेपुढं २५ दिसायला लागलं तर तो दोनदा एन्कोड झालाय, ‘एनई’ फ्लॅग जोडा.

गोदाकाठ, नांदेड
कॅनॉनिकल टॅग (पानाचा खरा पत्ता सांगणारा) आणि साइटमॅपमध्येही (पानांची यादी) तोच पत्ता ठेवा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पसंतीचा पत्ता निवडायची सोय २०१९ मध्येच गेली, ती शोधत बसू नका. आणि ट्रिपल डब्ल्यूची डीएनएस नोंद (नावावरून सर्व्हर शोधायची) ‘आता कशाला लागते’ म्हणून उडवू नका. ती गेली की जुन्या लिंकवरची विनंती सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही, मग रीडायरेक्ट कशाचं होणार?